विचारा की कॅप्टनकाकांना: छोट्या जेटचे मोठे हिशोब

२०२५ च्या जूनमध्ये आपल्या सोलापूरच्या होटगी रोड विमानतळावरून गोव्याची फ्लाइट सुरू झाली, मग मुंबईची झाली, आणि तेव्हापासून या सदराला येणाऱ्या पत्रांचा नूरच बदललाय. आधी तिकीट रिफंड नि बॅगेच्या वजनाचे प्रश्न यायचे, आता लोक थेट कॉकपिटात शिरतात! या वेळी बहुतेक प्रश्न छोट्या बिझनेस जेटबद्दल आलेत, म्हणजे ती पाच-सात सीटांची पांढरी विमानं, इलेक्शनच्या नि लग्नसराईच्या दिवसात येतात ती. माझी नोकरी तसल्याच विमानांवर गेली त्यामुळे उत्तरं जरा लांबलीत, सांभाळून घ्या. काही पत्रं मी छोटी केलीत, राग मानू नका.

प्रश्न: काका, आमच्या गच्चीवरून विमानतळ दिसतो. गोव्याचं ते पंख्याचं विमान येतं आणि मधेच कधीतरी छोटं जेट येतं. छोटं म्हणजे चालवायला सोपं ना? मित्राशी पैज लागलीय. (कॉलेजातला वाचक, मजरेवाडी)

पैज हरलास बाळा, चहा पाज मित्राला.

वजनाने बघशील तर गोव्याचं एटीआर ७२ हे तेवीस टनाच्या आसपास, आणि फिनॉम १०० सारखं छोटं जेट पावणेपाच टनाचं. पण एटीआर पंचवीस हजार फुटांच्या वर जात नाही आणि हे चिमुकलं एक्केचाळीस हजारावर जातं, तेही ताशी सातशे किलोमीटरच्या स्पीडने. म्हणजे आकाश मोठ्या विमानांचं, रेडिओवर बोलणं मोठ्या विमानांचं, ट्रॅफिक मोठ्या विमानांचं, आणि आपण त्यात छोटे. एअरलाइनमध्ये पायलटच्या मागे एक अख्खं ऑफिस राबत असतं, कोण हवामान काढून देतं, कोण वजनाचा तक्ता करतं, कोण सामान चढवतं. चार्टरमध्ये, म्हणजे भाड्याने घेतलेल्या विमानात, हे सगळं ते दोघं पायलटच करतात, आणि बॅगा डिकीत घालून शेठच्या चहाचा थर्मास भरलाय का तेही तेच बघतात, यात मी काही वाढवून सांगत नाही.

आता खरी गंमत उतरण्यात आहे. पंख्याच्या विमानात थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारा दांडा, मागे घेतला की पंखाच ब्रेकसारखा काम करतो, विमान लगेच मंदावतं. जेटचं अंग गुळगुळीत, थ्रॉटल मागे घेतला तरी ते घसरतच राहतं, खाली आणलं तर स्पीड कमी होत नाही आणि स्पीड कमी करायला गेलं तर खाली येत नाही. म्हणून लांबूनच हिशोब करावा लागतो. जितके हजार फूट उतरायचे त्याला तिनाने गुणा, तितके नॉटिकल मैल आधी उतरायला लागायचं. दिल्लीहून सोलापूरला एक्केचाळीस हजारावरून येताय, आपला विमानतळ दीड हजारावर, म्हणजे उतरायचे साधारण चाळीस हजार, तर चाळीस गुणिले तीन म्हणजे एकशेवीस मैल, म्हणजे सव्वादोनशे किलोमीटर. जालना मागे पडत असतानाच उतरायला सुरुवात झाली पाहिजे! बीडपर्यंत गप्पा मारत बसलात तर सोलापूर डोक्यावरून निघून जाईल, आणि मग घाईघाईत नाक खाली दाबून जे काही होतं त्यातूनच पुढचे घोटाळे जन्माला येतात. विमानाच्या आधी दहा मिनिटं डोकं पुढे पोचलेलं पाहिजे. हात वगैरे कुणाचेही तयार होतात, हे डोकं पुढे ठेवणं सगळ्यांना जमत नाही.

प्रश्न: आमच्या सासऱ्यांच्या कंपनीने मे महिन्यात दिल्लीला जायला चार्टर केलं होतं, दुपारी दोनची वेळ. ऐनवेळी पायलट म्हणाला दोन माणसं कमी करा नाहीतर इंधन कमी घेऊन मधे कुठेतरी उतरावं लागेल. पैसे पूर्ण विमानाचे घेतले आणि वर ही अरेरावी. हे बरोबर आहे का? (गृहिणी, विजापूर रोड)

ताई, पैशांवरून तुम्ही कंपनीशी खुशाल भांडा, मी तुमच्या बाजूने आहे, हे बुकिंग घेतानाच सांगायला पाहिजे होतं. पण पायलटने केलं ते शंभर टक्के बरोबर.

आपला विमानतळ समुद्रसपाटीपासून साधारण पंधराशे-सोळाशे फुटांवर. या उंचीला हिशोबातलं 'स्टँडर्ड' तापमान बारा डिग्री धरतात. मे महिन्यात दुपारी आपल्याकडे त्रेचाळीस, म्हणजे एकतीस डिग्री जास्त. एका डिग्रीला अंदाजे एकशेवीस फूट धरा, झाले सदतीसशे. त्यात मूळचे पंधराशे-सोळाशे मिळवा. हवा एवढी पातळ झालेली असते की विमानाला वाटतं आपण पाच हजार फुटांच्याही वर उभे आहोत. कळसूबाईचं शिखर चोपन्नशे फूट! म्हणजे तुमचे सासरे होटगी रोडवर बसलेत पण विमानाच्या दृष्टीने ते जवळपास कळसूबाईच्या माथ्यावरून टेक-ऑफ करणारेत. पातळ हवेत इंजिन कमी ढकलतं, पंखाला उचलायला जास्त स्पीड लागतो, आणि जास्त स्पीडसाठी जास्त रनवे लागतो. तिन्ही गोष्टी एकदम उलट्या.

त्यात एक आकडा असतो, त्याला 'व्ही वन' म्हणतात. टेक-ऑफला धावताना या स्पीडच्या आधी काही बिघडलं तर ब्रेक मारून रनवेतच थांबता येतं. या स्पीडनंतर इंजिन गेलं तरी थांबायचं नाही, एका इंजिनावर उडवायचंच, कारण उरलेल्या रनवेत विमान थांबणारच नाही. कधी संधी मिळाली तर कॉकपिटात बघा, को-पायलट 'व्ही वन' म्हणाला की कॅप्टन थ्रॉटलवरचा हात उचलून घेतो, का तर घाबरून ते मागे ओढायचा मोहच नको. थांबण्याचा नि उडण्याचा, दोन्ही हिशोब त्या एका रनवेत बसले पाहिजेत. बसत नसतील तर वजन कमी करा, नाहीतर सकाळी सहाला निघा, तिसरा रस्ता नाही. तसंही सगळ्यात छोट्या जेटात टाकी काठोकाठ नि सगळ्या सीटा फुल असं दोन्ही एकावेळी जमतच नाही, हे ब्रोकर लोक सांगत नाहीत. सासऱ्यांना म्हणावं पुढच्या वेळी पहाटे निघा, विमानही खूश आणि तुम्हीही.

प्रश्न: मोठा माणूस विमानात असला की पायलटवर प्रेशर येतं का? खरं सांगा. (वाचक, पार्क चौक परिसर)

येतं. साहेब स्वतः फार काही बोलत नाहीत, त्यांच्या मागचा पीए बोलतो. 'सभा आहे हो, लोक थांबलेत, बघा ना काहीतरी.' यावर उपाय एकच, आकडे आदल्या रात्रीच ठरवायचे. उद्या ढग इतक्या उंचीच्या खाली असले तर जाणार नाही, अमुक वाजेपर्यंत निघालो नाही तर तिथे अंधारात उतरता येणार नाही म्हणून जाणार नाही, हे लिहून पीएला मेसेज करून ठेवायचं. मग सकाळी वाद पायलटशी होत नाही, कागदाशी होतो. रात्री शांत डोक्याने काढलेला आकडा सकाळी गर्दीत बदलायचा नसतो, आणि तो बदलायला लावणारा माणूस विमानात आपल्याच मागे बसणार असतो हे त्याच्या लक्षात येत नाही ही मोठी मजा आहे.

प्रश्न: सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी विमानांना खरंच आडवी येत होती का, का नुसतंच राजकारण? (सभासद शेतकरी, दक्षिण सोलापूर)

राजकारणावर बोलून मला गावात राहायचंय, त्यामुळे फक्त हिशोब सांगतो. चिमणी नव्वद मीटरच्या आसपास होती, २०२३ च्या जूनमध्ये पाडली. दोन इंजिनांच्या प्रवासी जेटचं एक इंजिन टेक-ऑफला बंद पडलं तर चाकं आत घेतल्यावर त्याने किमान २.४ टक्के चढाने वर गेलं पाहिजे असा नियम आहे. म्हणजे एक किलोमीटर पुढे जाताना फक्त चोवीस मीटर वर. नव्वद मीटर चढायला पावणेचार किलोमीटर लागले, त्याच्या आत एवढं उंच काही वाटेत उभं असलं की अडचण. सगळं ठीक असताना विमान चिमणीच्या कितीतरी वरून गेलं असतं हो, लोक म्हणायचे तेही खोटं नव्हतं. पण परवानगी देणारा माणूस सगळं ठीक असण्याचा हिशोब करतच नाही, तो ऐन मोक्याला इंजिन गेल्याचा करतो.

प्रश्न: आमचे जावई छोट्या जेटने आले तेव्हा विमान अगदी खाली आलं आणि एकदम घरघर करत परत वर गेलं, दुसऱ्या फेरीत उतरलं. पायलट शिकाऊ होता का? (एक काकू, सात रस्ता)

काकू, शिकाऊ नव्हता, शिकलेला होता. याला गो-अराउंड म्हणतात.

उतरताना एक गेट ठरलेलं असतं. ढगात असाल तर जमिनीपासून हजार फुटांवर, स्वच्छ हवेत पाचशे फुटांवर. तिथे पोचेपर्यंत चाकं खाली, फ्लॅप म्हणजे पंखामागच्या झडपा पूर्ण खाली, विमान रनवेच्या रेषेत, स्पीड ठरलेल्या आकड्याला चिकटलेला, खाली येण्याचा वेग मिनिटाला हजार फुटांच्या आत, हे सगळं जमलेलं पाहिजे. यातलं एक जरी नसलं तरी 'बघू, पुढे जमेल' म्हणायचं नाही, थ्रॉटल पुढे आणि वर. स्पीड दहा टक्के जास्त असला तर थांबायला एकवीस टक्के जास्त अंतर लागतं, कारण तो हिशोब वर्गाने वाढतो. रनवेच्या तोंडाशी दहा फूट उंच असाल तर चाकं जवळजवळ दोनशे फूट पुढे टेकणार. त्यात रनवे ओला असला तर टायरखाली पाण्याचा थर येतो आणि ब्रेक मारून काही उपयोग होत नाही. १४ सप्टेंबर २०२३ ला विशाखापट्टणमहून आलेलं लियरजेट ४५ मुंबईत भर पावसात रनवेवरून बाहेर गेलं होतं, टीव्हीवर सगळ्यांनी बघितलंच असेल. आठही जण वाचले.

अमेरिकेत १५ मे २०१७ ला टीटरबोरो विमानतळाजवळ लियरजेट ३५ए पडलं त्यात दोघं पायलट गेले, प्रवासी नव्हते हे नशीब. फिलाडेल्फियाहून आलेली छोटीशी उडी होती. कंपनीच्या नियमाप्रमाणे को-पायलटने हातात विमान घ्यायचंच नव्हतं, तरी बराच वेळ तोच उडवत होता, उतरण्याआधीचं ब्रीफिंग झालं नव्हतं, वळण उशिरा घेतलं आणि ते सावरता सावरता विमान स्टॉल झालं, म्हणजे पंखांची उचलच संपली. तपास करणाऱ्या एनटीएसबीने सांगितलं की हा अप्रोच, म्हणजे उतरण्याचा प्रयत्न, सोडून द्यायला पाहिजे होता. छोटा प्रवास म्हणजे सोपा असं लोकांना वाटतं, मला तर मुंबई-पुणे सगळ्यात अवघड वाटायचं, चढण्याची कामं संपत नाहीत तोवर उतरण्याची सुरू, मधे श्वास घ्यायला वेळ नाही.

तेव्हा जावयांना सांगा, पायलट परत वर गेला म्हणजे त्याचं डोकं ठिकाणावर होतं.

प्रश्न: वीस-वीस वर्षं उडवणारे पायलट पण चेकलिस्ट बघून बघून वाचतात असं ऐकलं. एवढं पाठ होत नाही का यांना? (निवृत्त शिक्षक, बार्शी)

गुरुजी, पाठ असतंच. पण पारायणाला बसणाऱ्याला गुरुचरित्र तोंडपाठ असलं तरी तो पोथी समोर उघडून ओळीवर बोट ठेवूनच वाचतो ना, कारण पाठ म्हणताना ओळ कधी गळते ते म्हणणाऱ्याला कळतच नाही. तेच इथे.

यावर एक उदाहरण आहे, ते वाचलं की मला आजही कसंतरी होतं. ३१ मे २०१४, अमेरिकेतलं बेडफर्ड गाव, गल्फस्ट्रीम फोर जेट. हे तसं मोठं बिझनेस जेट, पण गोष्ट सगळ्यांना लागू. विमान उभं असताना वाऱ्याने शेपटीचे भाग हलू नयेत म्हणून एक लॉक लावतात, तो काढायचा राहिला. टेक-ऑफच्या आधी स्टिअरिंग पूर्ण पुढे-मागे, डावी-उजवीकडे हलवून बघायचं असतं, दहा सेकंदांचं काम, तेही केलं नाही. रनवेवर स्पीड आला, ओढलं, विमान उठेना, आणि थांबायचा निर्णयही उशिरा झाला. सातही जण गेले. पुढे तपासात विमानातला जुना डेटा काढला तर आधीच्या १७५ टेक-ऑफपैकी ९८ टक्के वेळा ही तपासणी पूर्ण केलेलीच नव्हती. दोघं पायलट अनुभवी, वर्षानुवर्षं एकत्र उडणारे, एकमेकांवर पूर्ण विश्वास. मला वाटतं तिथेच घात झाला. नवीन माणूस शेजारी असला की आपण सांभाळून वागतो, जुना मित्र असला की 'असू दे रे, झालंय' म्हणतो. म्हणून चांगल्या जोड्या एकमेकांना कॉकपिटात अहो-जाहो करतात, बाहेर आल्यावर मग काय ते अरे-तुरे.

प्रश्न: एकटा पायलट जेट उडवू शकतो का? ऑटोपायलट तर सगळं करतोच म्हणे. (इंजिनीअर वाचक, जुळे सोलापूर)

उडवू शकतो. सायटेशन मस्टँग, फिनॉम १००, होंडाजेट ही एका पायलटसाठी मान्यता असलेली विमानं आहेत. परदेशात कितीतरी मालक स्वतःच उडवतात. आपल्याकडे चार्टरला जेट येतं त्यात दोघं असतात आणि माझं मत विचाराल तर तेच बरं.

ऑटोपायलट हात मोकळे करतो, निर्णय घेत नाही. ८ डिसेंबर २०१४ ला मेरीलँडमधल्या गेथर्सबर्गला फिनॉम १०० उतरत होतं, एकटा पायलट, मालक तोच. ढगात गोठणारं तापमान. पंखावरचा बर्फ काढणारी सिस्टिम त्याने चालू केली नाही. आता बघा, ती चालू केली की उतरण्याचा स्पीड वाढवावा लागतो, स्पीड वाढला की रनवे जास्त लागतो, आणि तिथला रनवे तसा आखूडच. त्याने बिनबर्फाच्या दिवसाचा, कमी स्पीडचा आकडा धरला. पंखावर बर्फ, कमी स्पीड, विमान स्टॉल होऊन घरांवर पडलं. विमानातले तिघं आणि एका घरातली आई नि तिची दोन लहान मुलं गेली. शेजारी कुणी असतं आणि नुसतं 'अँटी-आइस?' एवढा एक शब्द बोललं असतं तर... असो. दुसरा पायलट शेजारी हवा तो एवढं विचारायला. आणि कॅप्टनला ते विचारलेलं आवडलं पाहिजे, नाहीतर दुसरी सीट भरून पण रिकामीच.

प्रश्न: एवढ्या उंचीवर काच फुटली तर? (शाळकरी वाचक, मोहोळ)

काचेला अनेक थर असतात त्यामुळे सिनेमासारखं होत नाही. पण केबिनमधला दाब गेला तर चाळीस हजार फुटांवर माणूस शुद्धीत राहून काम करू शकतो ते पंधरा-वीस सेकंद. तेवढ्यात पायलटने आधी स्वतःचा मास्क लावायचा, मग बाकी सगळं. म्हणून तो मास्क एका हाताने पाच सेकंदांत लागेल असाच टांगलेला असतो, आणि दर फ्लाइटला तो चेक करायचा. २५ ऑक्टोबर १९९९ ला गोल्फपटू पेन स्टुअर्टचं लियरजेट ऑर्लँडोहून डल्लासला निघालं, दाब गेला, आतले सगळे बेशुद्ध झाले आणि विमान जवळपास चार तास आपलं आपण उडत राहिलं, इंधन संपल्यावर साउथ डकोटात पडलं. अभ्यास कर, रात्री हे वाचू नकोस.

प्रश्न: पायलट पिऊन असला तर कसं कळणार? (नाव नको म्हणालेत)

आपल्याकडे फ्लाइटच्या बारा तास आधीपासून दारू बंद असते आणि मशीनमध्ये फुंकायला लावतात, आकडा शून्यच लागतो. मला दारूपेक्षा झोपेची काळजी जास्त वाटते, झोप न झालेल्याला पकडणारं मशीन अजून नाही. तेव्हा रात्री दोनला शेठचा 'सकाळी सहाला निघायचं' म्हणून फोन आला तर नाही म्हणता येणं हे पण पायलटचं स्किलच.

प्रश्न: सर, मी बारावी सायन्सला आहे. मला मोठ्या एअरलाइनपेक्षा बिझनेस जेटच उडवायचंय. काय करू? घरचे म्हणतात पैसेवाल्यांचं काम आहे. (विद्यार्थी, अक्कलकोट)

घरचे अर्धे बरोबर आहेत, खर्च मोठा आहे, कर्ज काढायच्या आधी वडिलांबरोबर बसून नीट हिशोब कर.

बारावीला फिजिक्स-मॅथ्स लागतं. सीपीएल म्हणजे कमर्शियल लायसन्ससाठी वय अठरा पूर्ण आणि २०० तास उड्डाण, त्यातले १०० तास स्वतः कमांडमध्ये. नेव्हिगेशन, हवामान, नियम, टेक्निकल असे डीजीसीएचे, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी खात्याचे पेपर. ट्रेनिंग बारामतीला होतं, गोंदियाला होतं, सरकारी अकॅडमी रायबरेलीजवळ फुरसतगंजला आहे. नंतर ज्या जेटवर बसायचं त्याचं टाइप रेटिंग, म्हणजे त्याच मॉडेलची मान्यता, वेगळं, ते बहुतेक सिम्युलेटरवर, आणि पुढे आयुष्यभर दर सहा महिन्यांनी परीक्षा. सिम्युलेटरमध्ये इंजिन बंद पाडतात, आग लावतात, घाम काढतात अगदी. परीक्षा नको म्हणून पायलट व्हायचं असेल तर आत्ताच सोडून दे!

शाळेत तुला कुणी न सांगणारी एक गोष्ट सांगतो. बिझनेस जेटला इंटरव्ह्यू घेणारा तुझे तास तर बघतोच, पण बोलता बोलता विचारतो, 'शेवटचं नाही कधी म्हणालास?' ट्रेनिंगमध्ये वारा जास्त होता म्हणून सोलो फ्लाइट सोडली, ढग आले म्हणून अर्ध्यातून परत आलो, असं काहीतरी खरं सांगता आलं पाहिजे. शंभर टक्के फ्लाइट पूर्ण केल्या म्हणणारा पोरगा मी तरी घेतला नसता.

आणि फी भरायच्या आधी मेडिकल कर. आधी क्लास टू, मग क्लास वन. डोळे, कान, ईसीजी, रंग ओळखता येतात का, सगळं बघतात. मुलं लाखो रुपये भरून बसतात आणि मग कळतं की रंगांमध्ये अडचण आहे. चष्म्याची भीती बाळगू नको, चष्मा चालतो, पण मेडिकल करणारा एक्झामिनर डीजीसीएने मान्यता दिलेलाच लागतो, ओळखीच्या डॉक्टरचं सर्टिफिकेट चालत नाही. त्यांची यादी डीजीसीएच्या साइटवर असते, या आठवड्यातच अपॉइंटमेंट घे.